महाराज, जागा आहे का?

"कासारआळीतली दुकानं आठ दिवसांत पाडा आणि रस्ता रुंद करा," दौलतराजांनी हुकूम सोडला. सोनवळ नगरीत रथ, बग्ग्या, छकडे इतके झाले होते की वाड्यापासून बाजारापर्यंत पोचायला अर्धा दिवस जाई. दोष मात्र आला बिचाऱ्या बांगड्यांच्या दुकानांवर!

गोजरा कासारीण तडक दरबारात गेली. त्या आळीतल्या दुकानावरच तिचं पोट होतं. "महाराज, रस्ता पुरेसा आहे. गाड्याच फार झाल्यात."

"मग कर कमी," राजे म्हणाले. स्वभाव हट्टी, एकदा बोलले की बोलले. "पण कुणाला बंदी घालायची नाही, कुणाच्या चाकाला हात लावायचा नाही. आठव्या दिवशी मी स्वतः येईन. रस्ता मोकळा दिसला नाही, तर पहिली कुदळ तुझ्या दुकानावर."

दरबार खो खो हसला. "बरं महाराज" म्हणून गोजरा निघाली.

परतताना तिनं नीट पाहिलं. चौघांच्या बग्गीत एकेकटा शेठ, ऐसपैस रेललेला, मिशीला पीळ देत. गोजरा गालात हसली.

दुसऱ्या दिवसापासून बांगड्या भरायला आलेल्या प्रत्येक बाईच्या कानावर तिनं एकच गोष्ट घातली. हात कासारणीच्या हातात, बांगडी अर्धी चढलेली. ऐकल्याशिवाय बाई जाते कुठे? "अगं, आपली जुनी रीत विसरलात का? वाटेवरच्या बाईनं जागा मागितली, तर गाडीवाल्यानं नाही म्हणू नये. मग पाय का मोडून घेता? मागा की!"

झालं. झुंबरशेठ बग्गीतून निघाले, तर कोपऱ्यावर गंगूआजी उभ्या. काखेत नातू, हातात कोंबडी.

"शेठजी, जागा आहे का?"

नाही म्हणावं तर चारचौघांत नाक कापलं जातं. शेठ सरकले. पुढच्या वळणावर दुसरी आली, ताकाचं मडकं घेऊन. बाजार येईपर्यंत निम्मं ताक शेठजींच्या नव्या शेल्यानं प्यायलं होतं.

तिसऱ्या दिवशी झुंबरशेठ शेजाऱ्यांच्या दारात हजर. "अहो, तुम्ही तिघंही माझ्याच बग्गीत चला. एकदाची भरून टाकू." तीन बग्ग्या घरीच राहिल्या. गावभर तेच लोण पसरलं. ज्यांचं कुणाशीच पटत नव्हतं, ते मुकाट्यानं पायी चालू लागले.

आठव्या दिवशी राजांचा रथ कासारआळीत शिरला आणि कुठेही न थांबता गोजराच्या दुकानासमोर आला. आळीतल्या बायका भोवती गोळा झाल्या.

"काम पुरं झालं म्हणायचं?" राजांनी विचारलं.

"नाही महाराज. एकजण अजून ऐकत नाही. चार घोड्यांचा रथ, आणि आत एकटाच बसतो."

"कोण तो? नाव सांग, त्याचं घरच पाडतो."

"नाव घ्यायची माझी छाती नाही." गोजरानं टोपली उचलली आणि रथाच्या पायरीवर पाय ठेवला. "महाराज, जागा आहे का?"

राजांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. सारी बैठक रिकामी! त्यांना असं हसू फुटलं की पगडी सावरावी लागली. "बस बाई, बस. कासारआळीच्या विटेलाही कुणी हात लावणार नाही. आणि आजपासून राणीवशाच्या बांगड्या तूच भरायच्यास."

गोजरा ऐटीत बसली आणि मागे वळून तिनं हाक दिली, "या गं, अजून तिघी मावतात."