हिरवा दिवा लागत नाही

"यातला कुठला लावू, आक्का? तेवढं एक सांगा. बाकी काही विचारत नाही."

दिगंबर थिट्यानं पिशवी उलटी केली. तीन सर्ज प्रोटेक्टर आक्कांच्या पुढ्यात घरंगळले. गेलेली लाईट येताना दणका मारते, तो मशीनला लागू नये म्हणून मध्ये लावायचे डबे. एक पांढरा, दोन काळे.

मठ आक्कांचा. स्वयंपाक माझ्याकडं. मी सोप्यात तांदूळ धूत बसले होते. दिगंबर पोरवयापासून आक्कांचा चेला, पण गावात दुमजली घर उठल्यापासून मठाची पायरी सणावारीच चढायचा. त्या दिवशी तर चपला घालूनच आत घुसला.

"आईचं ऑक्सिजनचं मशीन जळालं," तो म्हणाला. "लाईट आली ती फाडकन आली. धूरच निघाला. नवं आणलंय, पण लावायचा धीर होत नाही. आत्ता सिलिंडरवर आहे ती. संध्याकाळपर्यंत पुरंल. पुढं..."

"दुकानदार काय म्हणतो?" आक्कांनी विचारलं.

"एक म्हणतो पांढरा घ्या, भारीतला आहे. दुसरा म्हणतो पांढरा नुसता दिसायला, काळा न्या. तिसरा दोघांनाही हसला. आणि घरी लावावा तर तिन्हींवर लाल दिवा! हिरवा लागला तरच डबा कामाचा म्हणं. चोर आहेत सगळे. तिन्ही दुकानांत भांडून आलोय."

मोबाईल सारखा खिशातून काढायचा, बघायचा, परत ठेवायचा.

"शेवंते," आक्का मला म्हणाल्या, "लाव गं त्यातला एक भिंतीला."

मी ओले हात पुसले. मिक्सरच्या जागी पांढरा लावला.

हिरवा.

काळा लावला. हिरवा. दुसरा काळा. तोही हिरवा.

दिगंबरनं हात जोडले. डोळ्यांत पाणी.

"तुमचा हात लागला, आक्का."

"हात शेवंतीचा होता."

"मग या जागेचं पुण्य..."

आक्कांनी माझ्यापुढची तांदळाच्या धुवणाची तपेली उचलली आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या. हा त्यांच्या मागं. याच्या मागं मी, कारण तपेली माझी होती.

पाण्याच्या टाकीमागं हातभर खड्डा आहे. त्यात लोखंडी नळी उभी. उन्हाळाभर आक्का तिथं रोज पाणी घालतात. ते बघून येणारेजाणारे त्याला फुलं वाहतात, हळदकुंकू टाकतात. मी झाडून झाडून थकले. आक्का कुणाला काही सांगत नाहीत.

आक्कांनी धुवण हळूहळू ओतलं. सुकी माती चुर्रर्र करून प्याली.

दिगंबरनं चपला काढल्या. मठात शिरताना काढल्या नव्हत्या, इथं काढल्या. वाकून खड्ड्याला डोकं टेकवलं.

"कुणाची समाधी, आक्का?"

मला राहवलं नाही. "समाधी कसली डोंबलाची! अर्थिंग आहे ते. मठातल्या विजेची तार इथनं जमिनीत जाते. माती ओली असली तरच ते काम करतं. कपाळाला माती लागलीय, पूस ती."

त्यानं पुसली नाही. तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

"अर्थिंग..." तो म्हणाला. "आमचा वायरमन पण हेच बरळत होता. तुमचं अर्थिंग मेलंय, म्हणून दिवा लाल म्हणं, अंगणातली फरशी उचका. हाकलून दिला त्याला. पोरीच्या साखरपुड्यासाठी कुंपणापासून उंबऱ्यापर्यंत फरशी घातलीय मी, आरशासारखी. आणि हा म्हणतो उचका! काम वाढवायचे धंदे यांचे."

"फरशीखाली काय होतं?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही. चिखल."

आक्कांनी तपेली पालथी करून शेवटचे थेंब खड्ड्यात झटकले.

"म्हणजे... असाच एक खड्डा होता कुठंतरी. आई तांदळाचं धुवण ओतायची त्यात. रोज. माशा व्हायच्या. पाहुण्यांपुढं बरं दिसत नव्हतं."

"आईला विचारलंस?"

"ती दवाखान्यात होती."

"आणि घरी आल्यावर?"

"काही बोलली नाही. तपेली घेऊन दारात उभी राहिली जरा वेळ. मग मागं फिरली. मोरीत ओतलं."

तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. बायको. तिचा आवाज मला इथवर ऐकू आला. "अहो, कुठं आहात? सिलिंडरचा काटा भराभरा खाली चाललाय. सासूबाई नुसत्या दाराकडं बघतायत. काय लावायचं ते लावा, पण या!"

दिगंबर ताडकन उठला. चपला विसरला. आत पळाला, तिन्ही डबे पिशवीत कोंबले, परत आक्कांपुढं आला.

"आक्का, पाया पडतो. चेष्टा नको. पांढरा का काळा?"

आक्कांनी टाकीला टेकवलेली पहार उचलली. वाकलेल्या बाई, पण एका हातानं उचलली. त्याच्या हातात दिली.

"कुठलाही लाव."

"आणि ही?" त्यानं पहार उलटीसुलटी केली. "फरशी?" त्याचा आवाज चिरका झाला. "बरं... फोडतो. पण कुठं फोडू? सगळं एकसारखं दिसतंय आता. खड्डा कुठं होता तेच मला आठवत नाही, आक्का! आईला विचारावं तर तिला बोलायलासुद्धा दम पुरत नाही."

"बोलायला लावू नको," आक्का म्हणाल्या. "तिच्या खाटेपाशी बस आणि खिडकी उघड. ती बोट दाखवील तिथं फोड."