शंखांच्या चित्रातले पांढरे घोडे

दूर उत्तरेला, फ्लँडर्सच्या समुद्रकाठी टानेका नावाची एक मुलगी राहायची. एके दिवशी तिचे बाबा मासे धरायला गेले आणि समुद्रावर दाट, करडं धुकं उतरलं. गावच्या नऊ होड्या त्यात हरवल्या. पाच दिवस झाले, तरी एकही परतली नव्हती. घरात होता फक्त कोरडा पाव. आई दिवसभर धक्क्यावर उभी राहून हाका मारी.

टानेका शेजारच्या कातलाइना आजींकडे शंख पुसायला जाई. आजी चित्रकार होत्या. त्यांच्या बागेतल्या काचेच्या खोलीत एक भलंमोठं चित्र उभं होतं. चित्रातल्या टेबलावर शंखच शंख! गुलाबी गालांचे, बिबट्यासारख्या ठिपक्यांचे, मोत्यासारखे लुकलुकणारे. आणि मागे, निळ्या लाटांवर समुद्रदेवाचा रथ. त्याला फेसासारखे पांढरेशुभ्र घोडे!

सहाव्या दिवशी सकाळी, चित्रासाठी समोरच्या खऱ्या टेबलावर मांडलेला एक इवलासा शंख हलला. टानेकानं वाकून पाहिलं. आत चिमुकला खेकडा मलूल होऊन पडला होता.

“आजी, ह्यात जीव आहे! समुद्रात सोडू?”

आजींचा कुंचला थांबला. चित्रात तो शंख अर्धाच रंगवून झाला होता.

“सोड, बाळा. चित्र राहिलं तर राहिलं.”

टानेका बाग ओलांडून धावली. शंख पाण्यात ठेवला, तोच लाटेतून हिरवा-सोनेरी उजेड उमलला. त्यात एक परी! शिंपल्याच्या आतल्या रंगांचे पंख, केसांत थेंबांच्या माळा.

“माझ्या सोबत्याला वाचवलंस,” परी हळूच म्हणाली. “एक इच्छा माग. पण नीट ऐक हं. ती एकदाच मागायची. आणि तिच्यात ‘मी’ किंवा ‘माझं’ आलं, तर ती फेसासारखी विरून जाईल.”

‘माझे बाबा’ टानेकाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. डोळे भरून आले. मग मागायचं तरी कसं?

तिनं धक्क्याकडे पाहिलं. आईशेजारी कितीतरी बायका उभ्या होत्या. म्हाताऱ्या होत्या, कडेवर बाळं घेतलेल्या होत्या. सगळ्यांचे डोळे धुक्याकडे.

टानेकानं हात खाली घेतले.

“धुक्यात अडकलेलं प्रत्येक माणूस घरी येऊ दे.”

परीनं टाळी वाजवली.

काचेच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. चित्रातले घोडे बाहेर झेपावले! फेसाची आयाळ उडवत ते गुलाबांवरून गेले, पण एक पाकळीही गळली नाही. ते समुद्रावर धावले आणि धुकं पिंजलेल्या कापसासारखं दूर उडालं.

एक शीड दिसलं. मग दुसरं. मग नऊच्या नऊ! पहिल्याच होडीतून बाबांनी पाण्यात उडी टाकली आणि टानेकाला उचलून खांद्यावर घेतलं.

तिथून तिनं पाहिलं. परी आधी गुलाबी झाली, मग सोनेरी, मग नुसता प्रकाश. तो प्रकाश लाटालाटांवर सांडत क्षितिजापर्यंत गेला.

आजी धापा टाकत किनाऱ्यावर आल्या.

“आजी, तुमचे घोडे गेले,” टानेका कुजबुजली.

“जाऊ देत गं,” आजी समुद्रावरची नजर न काढता म्हणाल्या. “चाळीस वर्षं रंगवतेय मी. घोडे धावतात कसे, ते आज पाहिलं.”