केवळाची माळ

"मग हे अंग आलं कुठून? वाऱ्यावरून?" द्वारकाक्कानं विचारलं.

सकाळपासून केवळा 'मी खाल्लं नाही' हे एकच उत्तर देत होती, आणि खऱ्या उत्तराचं असं असतं की ते फार वेळा द्यावं लागलं तर देणाऱ्यालाच खोटं वाटायला लागतं.

द्वादशीची सकाळ होती. पारणं अजून व्हायचं होतं. एकादशीची रिकामी पोटं घेऊन मठातल्या बाया ओसरीवर बसल्या होत्या, आणि उपाशीपोटी भांडण पेटलं की त्याला वेगळं सरपण लागत नाही.

भांडण माळेचं होतं.

मठाच्या गादीवरची गयामाय आज केवळाला दीक्षेची माळ देणार होती. माळ मिळाली की केवळा मठाची; तिला इथून कुणी जा म्हणू शकणार नव्हतं. नाही मिळाली, तर डोंगर उतरून घर. घर म्हणजे भावजयीचा उंबरा. तिथं भाकरी पडे ताटात, आणि तिच्यामागून एक शब्द पडे.

द्वारकाक्काचं म्हणणं एवढंच होतं, की जिला आपलं पोट आवरत नाही ती माळ काय आवरणार.

द्वारकाक्का मठातल्या बायांत सगळ्यांत जुनी. उपासात तिचा हात धरणारी त्या मुलखात दुसरी नव्हती. तिनं मीठ सोडलं होतं, दूध सोडलं होतं, चातुर्मासात धान्यही सोडायची. वाळून वाळून तिची काटकी झाली होती. पण काटकीलाही तोरा असतो. जवळ गेलं की डोळ्यात जातो.

केवळाचं सगळं उलटं. देवानं तिला घडवताना माती हात राखून घेतलीच नव्हती. ती दारात उभी राहिली की आतल्या बाया म्हणायच्या, बाई गं, सर, उजेड येऊ दे.

मठात आली तेव्हा तिनंच मनाशी पण केला होता, की हे अंग या डोंगरावर झिजवायचं. उजाडायच्या आत ती झऱ्यावर उतरायची आणि डोक्यावर हंडा घेऊन वर यायची. मठाला नळ आला. बाकीच्यांनी हंडे पालथे घातले. हिनं सोडला नाही. आल्यावर सूर्यनमस्कार, मग जात्यावर दळण. जेवायला अर्धी भाकरी, तीही कोरडी. तूप नाही, साखर नाही, भात नाही. संध्याकाळी नुसतं ताक.

पायांना भेगा पडल्या. छाती भक्कम झाली. जो चढ चढताना पूर्वी ती दर वळणाला बसायची, तो आता गाणं म्हणत चढायची.

अंग मात्र होतं तिथंच होतं.

तालुक्याला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं, गोळी लावली, आणि केवळानं ती एक दिवस चुकवली नाही. पुढच्या खेपेला त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. काट्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. म्हणाल्या, तू खोटं बोलत नाहीस हे मला कळतंय, काही अंगं अशीच असतात, आतून तू ठणठणीत आहेस. येताना एसटीत केवळा पदर तोंडावर घेऊन रडली. तिचं खरं मानणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटलं होतं.

पण डॉक्टरीणबाई तालुक्याला. मठात द्वारकाक्का.

आणि आता त्यात हा गूळ. कोठीतली ढेप कुणीतरी कुरतडत होतं. उंदीर म्हणावा, तर उंदीर खाऊन झाल्यावर डब्याचं झाकण लावून ठेवत नाही. कोठी द्वारकाक्काकडं. तिनं ही गोष्ट ओसरीवर काढली मात्र, सगळ्या माना एकीकडं वळल्या.

चोर शोधावा लागलाच नाही. चोर लांबूनही दिसत होता.

केवळानं सांगून बघितलं की काल दिवसभर ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, निर्जळी उपास तिनंही केला, हवं तर देवाच्या पायावर हात ठेवते. द्वारकाक्कानं तो हात देवापर्यंत जाऊच दिला नाही.

"माझा उपास माझ्या अंगावर दिसतो," ती म्हणाली. "तुझा कुठं दिसतो ते दाखव."

बाया हसल्या.

रोज झऱ्याच्या पाण्यात वाकून केवळा स्वतःला हेच तर विचारत होती... माझा उपास जातो कुठं?

गयामाय खांबाला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. फोडत होती आणि खात होती. माय कधीच उपास करत नसे, आणि का करत नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. वयानं पिकलेली, वजनानं चिपाड. दोन वेळा दोन-दोन भाकरी तुपाशी जेवायची. तिच्या अंगाचा जाब आजवर कुणी मागितला नव्हता.

मायनं एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

"गूळ मी खाते," ती म्हणाली.

...

सगळ्या माना मायकडं वळल्या.

मग द्वारकाक्कानं हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. "माय, हिच्यासाठी तू स्वतःवर आळ घेऊ नकोस गं."

"आळ कसला? खाते. दुपारी तुझा डोळा लागतो तेव्हा. शेंगांबरोबर बरा लागतो."

"बघा," द्वारकाक्का बायांकडं वळून म्हणाली, "बघा मायची माया."

एका म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. दुसरीनं बसल्या जागेवरून मायला नमस्कार केला. खरं बोलल्यामुळं मायची थोरवी तेवढी वाढली. दुसरं काही झालं नाही.

मायनं केवळाकडं बघितलं, आणि खांदे उडवले.

इतक्या कडू सकाळी केवळाला हसू आलं. तिनं ते गिळलं. म्हणजे चिपाड बाईनं चोरी कबूल केली तरी ती चोर नाही, आणि जाड बाईनं अन्न सोडलं तरी ती उपाशी नाही. हे एकदा दिसलं, आणि तिच्या छातीत फार दिवसांपासून अडकलेलं काहीतरी हललं. पण माळ अजून मायच्या मांडीवरच होती, आणि द्वारकाक्काचं संपलं नव्हतं. ती म्हणत होती, आज हिला माळ दिली तर उद्या गावचे लोक विचारतील, या मठात तप करतात की चरतात?

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी खाकरलं.

एक माणूस गजांना धरून उभा होता. डोंगरामागं पवनचक्क्या उभ्या राहत होत्या, तिकडच्या कामावरचा असावा. बूट धुळीनं पांढरे, ओठ त्याहून पांढरे. वाट चुकून तो भलत्याच बाजूनं चढून आला होता. त्याला मठाशी काही घेणं नव्हतं. त्यानं रस्ता विचारला.

"थांबा जरा," द्वारकाक्का मागं न बघता म्हणाली. "इथं महत्त्वाचं चाललंय."

तो उन्हात थांबला.

आता गयामायची शिकवण म्हणाल तर एवढीशी होती. ती प्रवचन करत नसे, पोथी सांगत नसे. दारात आलेल्याच्या जिभेवर आधी गोड ठेवावं, पाणी द्यावं, मग त्याला नाव विचारावं, एवढंच ती म्हणे. ते मठात सगळ्यांना पाठ होतं. द्वारकाक्का तर त्यावर तासभर बोलायची, आणि इतकं सुंदर बोलायची की लोक माना डोलवत डोंगर उतरत.

केवळा उठली.

"बस खाली," द्वारकाक्का म्हणाली. "निवाडा व्हायचाय."

केवळाला ऐकू आलं. तिनं ऐकलं नाही. ती ओसरी ओलांडून सरळ कोठीत गेली.

ज्या कोठीत चोरी केली म्हणून आत्ता या घटकेला भांडण चाललंय, त्याच कोठीत ही सगळ्यांदेखत शिरली! आतून झाकणाचा आवाज आला. मग ढेपेवर दगडाचा एक घाव. दुसरा घाव.

"ऐका," द्वारकाक्का हळूच म्हणाली. "अंधारात हात कसा बरोबर ढेपेवर गेला."

केवळा बाहेर आली. एका हातात गुळाचा चांगला मोठा खडा, दुसऱ्या हातात तांब्या. फाटक उघडून तिनं त्या माणसाला सावलीत घेतलं. उन्हाळ्यातला गूळ, बोटांना लागत होता. तिनं तो त्याला तोडून तोडून दिला. तो खात गेला. तिनं वरून धार धरली, तो ओंजळीनं पीत गेला. मग भिंतीला पाठ लावून बसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर माणूस परत आला.

तेव्हा तिनं त्याला नाव विचारलं. घरी कोण कोण आहे ते विचारलं. पवनचक्कीची वाट दाखवली, खालच्या बाभळीपासून डाव्या हाताला वळा म्हणाली, आणि बरोबर खायला उरलेला गूळ त्याच्या रुमालात बांधून दिला.

मायनं शेंगा फोडायचं थांबवलं होतं.

द्वारकाक्काही बघत होती. पण ती केवळाच्या बोटांकडं बघत होती. बाई कालपासून उपाशी. दोन्ही हात गुळानं माखलेले. आता चाटेल... आता चाटेल...

माणूस फाटकाबाहेर गेला. आत देव कुठला आहे हेही त्यानं विचारलं नाही.

केवळानं तांब्या उपडा केला. हात धुवायला थेंब उरला नव्हता. मग ती हात अंगापासून दूर धरून तशीच ओसरीवर आली, जिथून उठली होती तिथं उभी राहिली. निवाडा ऐकायला.

माय उठली. उठताना तिच्या ओटीतली टरफलं ओसरीभर सांडली.

मठाची रीत अशी, की माय माळ ओंजळीत देई, आणि घेणारीनं ती आपल्या हातानं आपल्या गळ्यात घालायची. आजवर सगळ्यांनी तशीच घातली होती.

"ओंजळ कर," माय म्हणाली.

केवळानं हात पुढं केले आणि मागं घेतले. "माय, हात गुळाचे आहेत."

"दिसतात की."

...

"वाक," माय म्हणाली.

केवळा वाकली. मायनं आपल्या हातानं माळ तिच्या डोक्यावरून घातली, मानेवर नीट बसवली, वर अडकलेली एक बट बाजूला केली. कुणाच्या आईनं लेकीला शाळेत धाडताना करावं तसं.

केवळा सरळ झाली. चोरी तिनं जन्मभर एकच केली होती. चार माणसांत ती अंग चोरून उभी राहायची. भिंतीशी, खांबाआड, दाराच्या कडेला. आज पहिल्यांदा ती ओसरीच्या मधोमध उभी राहिली, सगळी, जेवढी होती तेवढी. उजेडासाठी सर म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

बाया बघत राहिल्या. मघाशी हसलेली एक जण उठली आणि आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. केवळानं दोन्ही हात पुढं केले, आणि त्या बाईनं ते धुतले.

द्वारकाक्का जागची हलली नव्हती. बोलायला लागली तेव्हा तिच्या आवाजात तोरा नव्हता, आणि म्हणून तो ऐकवत नव्हता. तिनं काय काय सोडलं ते ती सांगत गेली. मीठ कधी सोडलं, दूध कधी सोडलं. लोक तिच्या हाडांना नमस्कार करतात हे सांगितलं. या हाडांवरून मायनं एकदाही हात फिरवला नाही हेही सांगितलं.

"माझी माळ मीच घातली, माय," ती म्हणाली. "हिला तू घातलीस. माझं काय कमी पडलं?"

माय खाली बसली. सांडलेल्या टरफलांत हात फिरवून तिनं एक राहिलेली शेंग शोधून काढली, फोडली, आणि त्यातले दाणे द्वारकाक्काच्या तळहातावर ठेवले.

"वाढलं मी तुम्हा सगळ्यांना सारखंच, द्वारके... अंगी हिच्या लागलं."