फाटायला तयार नसलेलं शीड

मंडळी, भरवसा कोणावर ठेवाल? स्वस्त देणाऱ्यावर, की आपला तडा ठाऊक असलेल्यावर?

फार मागे एका मचव्याच्या डोलकाठीला बुंध्याशी तडा होता. म्हणून गावचा शीडवाला हसनमिया शिडाची एक शिवण मुद्दाम कच्ची ठेवी. वादळात शीड फाटे, काठी वाचे. एका वर्षी मचवा हाकणाऱ्या तांडेलाने निम्म्या किमतीत परदेशी शीड आणलं.

भर समुद्रात वारा पिसाळला. काठी कण्हली, "शीडदादा, फाट रे! मी मोडतेय!"

"फाटू? मी पक्कं शिवलेलं आहे, बाई! तुझा तडा मला कोणी सांगितला होता?"

कडाड्! काठी कोसळली, मचवा उलटला. तिसऱ्या दिवशी तांडेल एकटाच फळीला बिलगून किनाऱ्याला लागला.

बाबांनो, वहीत शिडाची बचत जरूर मांडा. पण खाली बुडालेला मचवाही प्रामाणिकपणे लिहा.