थोरल्या वालाची साक्ष

फार मागची गोष्ट. ठकूबाईने बियाण्याचे वाल उन्हात वाळत घातले होते. चटके नकोत म्हणून एक धाकटा वाल भावंडांखाली दडून बसला आणि आतून ओलाच राहिला.

चौथ्या दिवशी ठकूबाई पारख करायला आली. एकच दाणा ती दाताखाली धरायची. कट्‌कन फुटला तर सगळे वाळले, दात रुतला तर सगळे पुन्हा उन्हात. धाकटा आणखी खाली सरकला. पण तिने शेजारचा थोरला उचलला. कट्! "वाळले गं बाई," म्हणत तिने बाकीचे राखेत घोळवून मडक्यात भरले आणि तोंड लिंपून टाकले.

आत राख म्हणाली, "कुणाच्या अंगात ओल असेल तर आत्ताच बोला. अजून शोषून घेता येईल."

धाकट्याला वाटले, 'सगळे वाळलेत अशी साक्ष देताना थोरल्याचा जीव गेला, आता मी ओला आहे हे कुठल्या तोंडाने सांगू?' त्याने राखेकडे पाठ फिरवली.

"तुझं अंग का रे तापलंय?" शेजारच्याने विचारले.

"कुठं काय? बरा आहे मी."

पेरणीला ठकूबाईने मडके उघडले, तर हाताला बुरशीचा लगदा लागला. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "दाताखाली कट् वाजला, तोच मेला लबाड निघाला!"