तांबट आळीत हातोडा थांबतो तेव्हा

एका गावात तांबटांची एक आळी होती. तिथली एक मुलगी सात वर्षं दूरदेशी शिकून परत येत होती. तिकडे मैत्रिणींना ती मोठ्या अभिमानानं सांगायची, "आमच्याकडे दिवसभर तांब्याची भांडी हातोड्यानं ठोकून मठारतात. त्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार? म्हणून आमचा रिवाज आहे. संकट आलं की हातोडा थांबवायचा. शेजारचा ठोका अवेळी थांबला की आपलाही थांबवून बाहेर यायचं. आळी अशी गप्प झाली की कोपऱ्यावरच्या चौकीतले हवालदारमामासुद्धा हातातला चहा तसाच टाकून धावत येतात!"

घरी येऊन बघते तर काय? दारादाराला तीन-तीन कुलपं, खिडक्यांना फळ्या, आणि ठोके पूर्वीपेक्षा दुप्पट जोरात.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोन माणसं हातगाडी घेऊन शेजारच्या काकूंकडे शिरली. काकू एकट्या, स्वतः भांडी मठारून पोट भरणाऱ्या. त्यांचा ठोका थांबला. मुलगी तशीच धावली. चोरांनी नवं घंगाळ उचललं, हातोड्या उचलल्या, ऐरणसुद्धा उचलली. तिनं गाडी धरली, तर एकानं तिला ढकलून दिलं.

"ओरड ना! कोण ऐकतंय?" तो हसून म्हणाला.

आळी ठोकतच राहिली.

काकू रिकाम्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "घंगाळ पुन्हा घडवलं असतं गं. पण आता घडवू कशानं?"

मुलगी तणतणत चौकीत गेली आणि घडलं ते सांगितलं. "हवालदारमामा, तुम्ही झोपला होतात का?"

"झोपलो नव्हतो, बाई. त्या दोघांतला गाडीवाला मी दोनदा पकडलाय," हवालदार म्हणाले. "दोन्ही वेळा म्हणाला, 'माल विकत घेतला, आळीला विचारा.' आळीला विचारलं. आळी मुकी! शेवटी सोडावा लागला. चल, आज तूच विचार."

दोघं दारोदार फिरले. जो तो कानाला हात लावून सांगत होता, "ठोकाठोकीत काही ऐकू आलं नाही, साहेब." शेवटचं दार तिचं स्वतःचं होतं. तिचे बाबाही तेच म्हणाले.

हवालदार निघून गेले आणि मुलीचा संताप उफाळून आला.

"बाबा, काकूंचा ठोका थांबला तेव्हा तुमचा हात क्षणभर अडला होता. मी पाहिलंय. आणि मग तुम्ही जोरात ठोकायला लागलात!"

"आज नाव घेतलं तर उद्या ते आपल्या घरी येतील, पोरी."

"नाव न घेतल्यामुळेच ते काकूंच्या घरी आले! कुलपं तीन लावलीत आणि चोराला पाहिजे तो आवाज फुकट देताय. लाज नाही वाटत?"

 त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके सुरू झाले. बाबांनी हातोड्याकडे हात नेला, तर तो लेकीच्या मांडीवर होता. ती उंबऱ्यात बसली होती.

"काकूंचा ठोका परत सुरू होईपर्यंत या घरातून ठोका निघणार नाही," ती म्हणाली. "आणि मी एकटी का होईना, साक्ष देणार."

बाबा उंबऱ्यापाशी आले. मग तिच्याशेजारी बसले. "एकटी कशाला?" ते हळूच म्हणाले. "त्या गाडीचं डावं चाक मोडकं आहे. मी पाहिलंय."

पलीकडच्या घरातला ठोका अडखळला आणि थांबला. मग त्याच्या पुढचा. कुलपं निघाली, फळ्या सरकल्या. बघता बघता आळी इतकी गप्प झाली, की हवालदारमामा टोपी हातात घेऊन धावत आले.

"काय झालं? कुणी पाहिलंय का काही?"

"मी पाहिलंय," पहिला आवाज बाबांचा होता.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या संकटात जो कान झाकतो, तो चोराचाच पहारेकरी होतो. पोलिसांचे हात तिथवरच पोचतात, जिथवर आपली साक्ष पोचते.