तीनदा पिटलेली दवंडी

लहानथोरहो, पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. एका राजाने नगराच्या वेशीजवळ गरिबांसाठी दोनशे घरं बांधली होती. त्यांतल्या एका घरात हैबती आणि तुळसा हे टोपल्या विणणारं जोडपं राहत होतं. दोघंही जन्मापासून बहिरी. हातांच्या खुणांनी ती तासन्‌तास बोलत. शेजारच्या पारूबाईलाही त्या खुणा चांगल्या समजत.

एके वर्षी घरांच्या कारभाऱ्याने तीनदा दवंडी पिटवली. "तीन दिवसांत चावडीवर हजर व्हा. जो येणार नाही, त्याचं घर दुसऱ्याला जाईल."

पारूबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी होती. बाकी कुणालाच त्या दोघांना सांगायचं सुचलं नाही.

चौथ्या दिवशी तुळसा बाजारातून परतली. टोपल्या रस्त्यावर विखुरल्या होत्या. दाराला कुलूप होतं. आणि तापाने फणफणलेला हैबती खाटेसकट उन्हात पडला होता.

ती चावडीवर धावली. हातांनी पुन्हा पुन्हा विचारू लागली, का?

कारभारी मान वर न करताच म्हणाला, "तीनदा पुकारा केला. तुम्ही आला नाहीत."

तिला त्याचे ओठसुद्धा दिसले नाहीत.

दोन दिवसांनी पारूबाई परतली आणि तुळसाला घेऊन चावडीवर गेली. "हिला ऐकू येत नाही. हिचं म्हणणं मी सांगते."

"घर तुझं आहे का?" कारभारी म्हणाला. "ज्याचं घर, त्याने आपल्या तोंडाने बोलावं."

पारूबाई तुळसाला घेऊन माघारी आली.

तुळसाने हैबतीची खाट एका झाडाच्या सावलीत ओढून ठेवली होती; त्याच दुपारी तो तिथे वारला.

दोघी दरबारात गेल्या. सगळं ऐकून राजाने कारभाऱ्याला विचारलं, "ही माणसं बहिरी आहेत, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं, महाराज. पण दवंडी सगळ्यांना सारखीच होती."

"अशा आणखी किती जणांना काढलंस?"

"सात घरं, महाराज."

राजाने कारभाऱ्याला पदावरून काढलं, सातही घरं परत दिली, आणि यापुढे खुणांची भाषा जाणणारा माणूस दारोदार जाऊन निरोप देईल, असा हुकूम केला.

"तुझंही घर तुला मिळेल," तो तुळसाला म्हणाला.

पारूबाईने ते हातांनी सांगितलं. तुळसाचे हात हळूहळू हलले.

"ती विचारते," पारूबाई म्हणाली, "त्या घरात मी आता कुणाशी बोलू?"

राजाने मान खाली घातली.

बोध: ज्याला ऐकू येत नाही, त्याला नुसती हाक मारून आपलं कर्तव्य संपत नाही; निरोप पोचला, तरच तो दिला असं म्हणावं.